विश्लेषण : चाहत्यांनी बनवलेल्या गेमला पुरस्कार द्यायचा, तर परवानगी कुणाची लागते?

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगराला स्पर्धा नव्या नाहीत. इथल्या माऊली सभागृहात महाकरंडक एकांकिका स्पर्धेसाठी राज्यभरातून संघ येतात. मराठी एकांकिका स्पर्धेत किंवा राज्य नाट्य स्पर्धेत दुसऱ्याची संहिता घेऊन उतरायचं, तर लेखकाचं परवानगीपत्र लागतं, हे कॉलेजात पहिल्यांदा नाटक करणाऱ्या मुलांनाही माहीत असतं. प्रयोग कितीही रंगला तरी त्या पत्राशिवाय काम भागत नाही.

आता समजा, याच सावेडीतल्या एखाद्या तरुण मंडळाने हौशी गेम बनवणाऱ्यांसाठी पुरस्कार ठेवले. गोडोसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साधा लॅपटॉप पुरतो, त्यामुळे प्रवेशिका येतील. त्यातल्या काही गेममध्ये पोकेमॉन असेल, काहींत मारिओ, तर एखाद्यात गाजलेल्या मराठी सिनेमाचा नायक. अशा गेमना ‘फॅन गेम’ म्हणतात. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची पात्रं, नाव किंवा जग घेऊन चाहत्यांनी स्वतः बनवलेला गेम. मग त्याला पुरस्कार देता येतो का? आणि परवानगीपत्र कुणाचं मागायचं?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठीचं ‘एव्हीजीसी-एक्सआर’ धोरण मंजूर केलं. या क्षेत्राकडे वळणाऱ्या मुलांची पहिली पायरी बहुतेक वेळा आवडत्या गेमची नक्कल हीच असते. म्हणून हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही.

पुरस्कारांच्या मंचावर असं कधी घडलं आहे?

घडलं आहे, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या मंचांपैकी एकावर. २०१६ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’ने चाहत्यांच्या निर्मितीसाठी एक वेगळा विभाग ठेवला होता. त्याच्या यादीत ‘एएम२आर’ आणि ‘पोकेमॉन युरेनियम’ हे दोन फॅन गेम होते. काही दिवसांतच दोन्ही नावं गायब झाली. निन्टेन्डोची मान्यता नसल्याने हे गेम यादीत ठेवता येत नाहीत, असं कारण आयोजकांनी दिलं.

‘एएम२आर’ हा निन्टेन्डोच्या जुन्या ‘मेट्रॉइड २’ या गेमचा नवा अवतार होता. अर्जेंटिनाच्या मिल्टन ग्वास्ती यांनी त्यावर जवळपास दहा वर्षं काम केलं. ऑगस्ट २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि लगेच कंपनीच्या तक्रारीवरून डाउनलोडच्या जागांवरून उतरवला गेला. ‘पोकेमॉन युरेनियम’मागे नऊ वर्षांची मेहनत होती. १५ लाखांहून अधिक डाउनलोड झाल्यावर नोटिसा आल्या आणि निर्मात्यांनी अधिकृत डाउनलोड बंद केले. दोन्ही गेम फुकट होते.

म्हणजे नामांकन जाहीर झालं, तेव्हा हे दोन्ही गेम आधीच वादात सापडले होते. तरीही मान्यतेचा विचार झाला तो नावं जाहीर झाल्यानंतर. त्यामुळे ज्यांचा गौरव व्हायचा होता, त्यांचीच नावं खोडली गेली.

‘फुकट आहे, मग काय हरकत?’ भारतीय कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ मानली जाते. गेममधली चित्रं, संगीत, कथा या त्याशिवाय वेगवेगळ्या कृती ठरतात, आणि त्यांचे मालकही वेगवेगळे असू शकतात. कलम १४ प्रमाणे प्रती काढण्याचा आणि लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क मालकाकडे असतो. कथा, चित्र, संगीत यांचं रूपांतर करायलाही त्याचीच परवानगी लागते.

कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. खासगी वापर, संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी मर्यादित वापर चालतो. ‘चाहत्याने प्रेमापोटी केलं’ अशी सवलत मात्र त्या यादीत नाही. घरी शिकण्यासाठी मारिओची नक्कल करणं आणि तीच नक्कल सगळ्यांना डाउनलोडसाठी देणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन केलं, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यवसायात नफ्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कमी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे ‘फुकट’ असण्याने शिक्षा सौम्य होऊ शकते, पण उल्लंघन पुसलं जात नाही.

आयोजक अडकू शकतात का?

हो. कलम ६३ मध्ये उल्लंघनाला साथ देणाराही येतो. कलम ५१ प्रमाणे, उल्लंघन होणार असलेल्या सादरीकरणासाठी नफ्याच्या हेतूने जागा वापरू देणं हेही उल्लंघन ठरतं. माहीत नव्हतं आणि शंका येण्यासारखं कारणही नव्हतं, हा बचाव तिथे आहे. पण मारिओचा चेहरा पडद्यावर दिसत असताना ‘माहीत नव्हतं’ असं कोण म्हणणार?

विजेत्याचं नाव जाहीर करणं आणि त्याच्या गेमची फाइल मंडळाने स्वतः वाटणं यातही फरक आहे. पहिल्यात गेमची प्रत निघत नाही. दुसऱ्यात मंडळच वितरक बनतं.

मग नक्कल म्हणजे नेमकं काय? नियमही चोरता येत नाहीत?

इथे भारतातलंच एक प्रकरण उपयोगी पडतं. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी स्क्रॅबलसारखा शब्दखेळ इंटरनेटवर आणला होता, ‘स्क्रॅब्युलस’. २००७ मध्ये तो फेसबुकवर आला आणि प्रचंड गाजला. अमेरिका आणि कॅनडात स्क्रॅबलचे हक्क हॅस्ब्रोकडे आहेत, इतरत्र मॅटेलकडे. मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

सप्टेंबर २००८ मधल्या अंतरिम आदेशात न्यायालयाने खेळाच्या पटावरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही. नाव मात्र ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं असल्याने ते वापरायला मनाई केली. पुढे तो खेळ ‘लेक्स्युलस’ या नावाने चालू राहिला.

खेळ कसा खेळायचा, ही कल्पना कुणाच्या मालकीची नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात हेच तत्त्व नाटक आणि सिनेमाच्या संदर्भात मांडलं होतं. मालकी असते ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर. राक्षस पकडून त्यांच्या लढती लावण्याचा गेम कुणीही बनवू शकतो. त्यात पिकाचू आला, की प्रश्न सुरू होतो.

सगळ्या कंपन्या सारख्याच वागतात?

नाही. व्हॉल्वच्या ‘हाफ-लाइफ’मध्ये फेरफार करून चाहत्यांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ बनवला. कंपनीने तो विकत घेतला आणि निर्मात्यांनाही सोबत घेतलं. ‘हाफ-लाइफ’चाच चाहत्यांनी नव्याने बनवलेला ‘ब्लॅक मेसा’ विकायला व्हॉल्वने परवानगी दिली. सेगाने ‘सॉनिक’चे फॅन गेम बनवणाऱ्या ख्रिश्चन व्हाइटहेड यांच्याकडे २०१७ च्या ‘सॉनिक मेनिया’चं काम सोपवलं. भारतात घराघरात पोहोचलेल्या पब्जीचं मूळही ब्रेंडन ग्रीन यांनी दुसऱ्याच्या गेमवर केलेल्या फेरफारात आहे.

जपानमध्ये ‘तोहो प्रोजेक्ट’च्या निर्मात्याने चाहत्यांसाठी नियमच जाहीर केले आहेत. काय चालेल आणि काय नाही हे त्यात लिहिलेलं आहे. हे एक प्रकारचं सर्वांसाठी खुलं परवानगीपत्र आहे. मात्र एका कंपनीची सवलत दुसऱ्या कंपनीला लागू होत नाही. आजवर नोटीस आली नाही म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही.

नाटकवाल्यांची सोय इथे नाही, हेही खरं. मराठी लेखकाला फोन करता येतो, पत्र दोन दिवसांत मिळतं. जपानमधली कंपनी सावेडीतल्या मुलाच्या ईमेलला उत्तर देईलच असं नाही. उत्तर न येणं याचा अर्थ ‘नाही’ असाच धरावा लागतो.

परवानगीची गरजच नसलेलं काय आहे?

बरंच काही. ज्या ‘द गेम अवॉर्ड्स’ने २०१६ मध्ये दोन फॅन गेम वगळले, तिथेच २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ला सर्वोत्कृष्ट पदार्पणाचं नामांकन मिळालं. त्याची कथा भारतीय पुराणांच्या जगातली आहे. दुर्गा किंवा महिषासुर वापरायला कुणाचं पत्र लागत नाही.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांच्या साहित्यावरून आज कुणीही गेम बनवू शकतो. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, त्यामुळे फास्टर फेणेसाठी हक्क असणाऱ्यांकडे जावं लागेल.

इतिहासाचंही तसंच. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावर गेम बनवायला कॉपीराइटची अडचण नाही. पण शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ कादंबरीतले संवाद किंवा २०२५ च्या सिनेमातलं संगीत आणि दृश्यं उचलली, तर परवानगी लागेल.

मंडळाने प्रवेशअर्जात काय मागावं?

एकांकिका स्पर्धेतली शिस्त इथे जशीच्या तशी नाही, पण थोड्या बदलाने वापरता येते.

• गेममध्ये दुसऱ्याचं काय काय आहे, याची यादी : नाव, पात्रं, चित्रं, संगीत, कोड. ‘इंटरनेटवरून घेतलं’ हे उत्तर चालणार नाही, असं आधीच सांगावं.

• प्रत्येकापुढे आधार : लेखी परवानगी, मालकाचे जाहीर नियम, मुक्त परवाना किंवा मुदत संपलेला कॉपीराइट.

• दोन विभाग : एक स्वतंत्र किंवा मुक्त साहित्यावरच्या गेमसाठी, दुसरा परवानगी असलेल्या फॅन गेमसाठी.

• छाननी नामांकनाच्या आधी : आधार नसेल, तर स्पर्धकाला खासगीत कळवावं आणि बदल करायला मुदत द्यावी. नाव, पात्रं आणि संगीत बदलून तोच गेम पहिल्या विभागात येऊ शकतो.

• फाइल मंडळाने वाटू नये : परीक्षकांपुरती प्रत ठेवावी. कुणाची तक्रार आली तर ती कुणाकडे करायची, हे जाहीर करावं.

स्पर्धकाचे हक्क कुणाकडे राहतात?

हा मुद्दा बऱ्याचदा सुटतो. फॅन गेममध्येही मुलाने स्वतः लिहिलेला कोड, स्वतः काढलेली चित्रं असतात. ‘प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे’ अशी ओळ अनेक स्पर्धांच्या नियमांत सहज टाकली जाते. कायद्यात हक्क देणं इतकं सोपं नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असावं लागतं, त्यात कृती आणि हक्क स्पष्ट लिहावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मंडळाला कार्यक्रमात गेमची झलक दाखवायची असेल, तर तेवढीच परवानगी मागणं पुरेसं आहे.

नवा ऑनलाइन गेमिंग कायदा आड येतो का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घालतो. गेम बनवणाऱ्याला परीक्षकांनी दिलेला पुरस्कार हा त्यातला प्रकार नाही. पण कार्यक्रमाला जोडून खेळाडूंकडून पैसे घेणारी आणि जिंकणाऱ्याला रोख देणारी ऑनलाइन स्पर्धा ठेवली, तर या कायद्याच्या तरतुदी आधी तपासाव्या लागतील.

यातून मिळणार काय?

मिल्टन ग्वास्ती यांना पुढे ‘ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स’ बनवणाऱ्या मून स्टुडिओजमध्ये काम मिळालं. त्यांचा गेम यादीतून गेला, कसब गेलं नाही. हौशी मुलांचं कसब लोकांसमोर आणणं, हेच अशा पुरस्कारांचं काम. त्यासाठी दहा वर्षं खपलेल्या मुलाला मंचावर बोलावून मग खाली उतरवण्यापेक्षा, पहिल्याच अर्जात ‘हे कुणाचं आहे?’ असं विचारणं त्याच्याच भल्याचं आहे. सावेडीतल्या नाटकवाल्या मुलांना हा प्रश्न नवा नाही. गेम बनवणाऱ्यांना तो अजून कुणी विचारलेला नाही, इतकंच.