मुलगी मनातले सांगते तेव्हा...

मैत्रिणींच्या घोळक्यात एखाद्या मुलाच्या नावावरून चिडवाचिडवी सुरू होते. एखादी मुलगी मात्र हसल्यासारखे करून गप्प राहते. मुलांविषयी तिला काहीच वाटत नसते. ओढ वाटते ती एका मैत्रिणीची. ती शाळेत आली नाही तर दिवस सुना जातो. 'माझ्यातच काही खोट आहे का?' हा प्रश्न ती आईलाही विचारू शकत नाही, कारण घरात या विषयाला शब्दच नसतो.

वयात येताना मैत्रिणीविषयी अशी ओढ पुष्कळ मुलींना वाटते. काहींची ती ओसरते, काहींची आयुष्यभर राहते. म्हणून 'वयाचे खूळ आहे' म्हणून उडवून लावू नये आणि घाईने शिक्काही मारू नये. आपण कोण आहोत, हे सावकाश तिचे तिलाच उमगते.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईला गेल्या, तेव्हा त्यांचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे आले. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन हा विषय समजून घेतला. मग २०२१ साली असा कल 'बरा' करण्याच्या उपचारांना त्यांनी मनाई केली. न्यायमूर्तींना जे शिकून घ्यावेसे वाटले, ते शिकण्यात आईवडिलांना कसला कमीपणा?

विजय तेंडुलकरांनी १९८१ सालच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात अशीच एक मुलगी उभी केली. सुमित्राला स्वतःविषयी उमगते, पण तिला सामावून घेणारे जग भोवती नसते. नाटकाचा शेवट तिच्या आत्महत्येने होतो.

घराघरांत हा शेवट टाळता येतो. मुलगी धीर करून बोलली, तर रडारड, शपथा, देवऋषी यांच्या मागे लागू नये. तिची शाळा किंवा मैत्रीण तोडू नये. तिला न विचारता मावशी-आत्यांच्या कानावर घालू नये. 'लग्न झाले की सगळे ठीक होईल' या आशेने पुढे स्थळे पाहू नयेत. त्यात तिच्याबरोबर एका निरपराध तरुणाचेही आयुष्य होरपळते. 'बरे झाले, मला सांगितलेस' एवढे आईने म्हटले, तरी तिच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते.

मुलींनीही सगळे एकदम जगाला सांगण्याची घाई करू नये. विश्वासाचे एखादे वडीलधारे माणूस निवडावे. मन फारच खचले, तर समुपदेशकाची मदत जरूर घ्यावी. ती स्वतःला बदलण्यासाठी नव्हे, तर आहोत तशा ताठ मानेने जगता यावे म्हणून.