विश्लेषण : एजन्सी बदलते, कर्मचारी मात्र आहे तिथेच का राहतो?

मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावात सरकारी कार्यालयांतील संगणकचालक, सफाई कामगार, सुरक्षारक्षक अनेकदा एजन्सीमार्फत नेमलेले असतात. काम सरकारचे, पगार एजन्सीकडून. अशा नोकरीत वर्षे सरतात, पण माणूस पुढे का सरकत नाही?

ही पद्धत नेमकी काय?

कार्यालय निविदा काढते. एजन्सी, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीत गुत्तेदार, माणसे पुरवते आणि त्यावर सेवाशुल्क घेते. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यात यासाठी ९ एजन्सी ठरवल्या होत्या. तरुणांचा विरोध वाढल्यावर २० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करण्याची घोषणा केली. मात्र आधीपासून चालत आलेली कंत्राटी पद्धत त्याने संपली नाही.

पदोन्नती का नाही?

कारण ती देणारा कोणीच नाही. रोजचे काम कार्यालयातील साहेब सांगतात, पण कर्मचाऱ्याचे ना सेवापुस्तक असते, ना ज्येष्ठता यादीत नाव. माणसाला नवे काम शिकवण्यात एजन्सीचाही फायदा नसतो. नवी निविदा निघाली की एजन्सी बदलते. खुर्ची तीच, माणूस तोच, पण कागदावर नोकरी नव्याने सुरू होते. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे एकाच मालकाकडे सलग ५ वर्षे लागतात; तिथेही हा बदल आडवा येतो. तक्रार केली तर पुढच्या यादीतून नाव गळेल, या धास्तीने बहुतेक जण गप्प राहतात.

न्यायालय काय म्हणते?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या ‘सेल’ निकालानुसार कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत. मात्र कंत्राट केवळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले, तर ते मूळ मालकाचेच कामगार ठरतात. २० डिसेंबर २०२४ च्या ‘जग्गो’ निकालात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या कर्मचाऱ्यांना नियमित करण्याचा आदेश झाला. पण त्यांची नेमणूक थेट आयोगाने केली होती. एजन्सीच्या कामगाराची वाट त्याहून अवघड आहे.

कर्मचाऱ्याच्या हातात काय?

एजन्सीने वेतन थकवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कार्यालयावर येते. एजन्सी बदलली तरी भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच ठेवावा. हजेरीची नोंद, वेतनचिठ्ठी, कार्यालयाने दिलेले लेखी आदेश जपून ठेवावेत. वाद झाला तर हेच कागद कामी येतात.

खरा उपाय मात्र निविदेतच आहे. जुन्या कामगारांचा अनुभव मोजून वेतन ठरवण्याची अट तिथे नसेल, तर प्रत्येक नव्या करारासोबत त्यांची पाटी कोरीच होणार.