काढा द्यावा कीं न द्यावा?

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. मजकूर थोडक्यांत असा : तिचे सासरे मूत्रपिंडें निकामी होऊन साठीच्या आंतच वारले. आतां अडतिसाव्या वर्षीं तिच्या यजमानांचा रक्तदाब वाढलेला आढळला, म्हणून पोटाची सोनोग्राफी केली, तों दोन्ही मूत्रपिंडें पाण्याच्या लहानमोठ्या पुटींनीं भरलेलीं दिसलीं. डॉक्टरांनीं रोगाचें नांव ‘पॉलिसिस्टिक किडनी’ असें सांगितलें. हें ऐकून सासऱ्यांच्या भगिनी आत्याबाई, ज्या याच घरांत असतात, त्यांनीं कोठूनसा एका काढ्याचा पुडा आणविला, आणि त्या रोज विचारतात, “झाडपाल्याचेंच औषध तें, त्यानें अपाय तो काय होणार?” भगिनी लिहिते, “नाहीं म्हणावें तर वडीलधाऱ्यांचा अवमान, होय म्हणावें तर मन धजत नाहीं. आपण काय तें स्पष्ट लिहावें.”

प्रश्न एका घरापुरता नाहीं, म्हणून उत्तर येथें देत आहों.

प्रथम रोगाविषयीं. तो आनुवंशिक आहे. आईबापांपैकीं एकास असला, तर प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो येण्याचा संभव निम्मा असतो. बहुतेक रोग्यांत दोन जनुकांपैकीं एकांत दोष असतो. पहिलें जनुक १९९४ सालीं व दुसरें १९९६ सालीं शास्त्रज्ञांच्या हातीं लागलें. या दोषामुळें मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत ‘सायक्लिक एएमपी’ नांवाचें द्रव्य वाजवीपेक्षां अधिक सांचतें. वाढा आणि पाणी सोडा, असा जणूं हुकूमच तें पेशींस देतें. नलिकेचा कांहीं भाग फुगून त्याची पुटी होते, आणि वर्षानुवर्षें वाढणाऱ्या अशा पुटी मूत्रपिंडाचा निरोगी भाग चेपून टाकितात. साठीच्या सुमारास जवळजवळ निम्म्या रोग्यांचीं मूत्रपिंडें काम सोडतात. म्हणून औषध हवें तें पुटींची वाढ मंद करणारें, आणि वर्षानुवर्षें घेतां येईल इतकें निर्धोक.

असें द्रव्य वनस्पतींत सांपडेल ही आशा कांहीं वेडी नव्हे. चीन देशांत संधिवातावर एक वेल वापरतात. तिच्यांतील ‘ट्रिप्टोलाइड’ या द्रव्यानें उंदरांच्या मूत्रपिंडांतील पुटी कमी होतात, असें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००७ सालीं दाखविलें. परंतु ही वेल विषारी. तिच्यापासून यकृतास, रक्तास व पुरुषाच्या प्रजननशक्तीस अपाय होतो.

आपल्या हळदींतील ‘कर्क्युमिन’नेंही प्रयोगशाळेंत आशा दाखविली. मग अमेरिकेंतील कोलोराडो येथें हा रोग असलेल्या ६ ते २५ वर्षांच्या ६८ जणांवर वर्षभर रीतसर चाचणी झाली. कांहींस कर्क्युमिन दिलें, कांहींस तसेंच दिसणारें निर्गुण औषध. २०२२ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : मूत्रपिंडांच्या वाढींत फरक पडला नाहीं. स्वयंपाकांतील हळद खुशाल घालावी. पण कांचेच्या नळींत किंवा उंदरांत जें साधतें, तें माणसांत साधतेंच असें नाहीं, हा धडा विसरूं नये.

याहून बोधप्रद गोष्ट आपल्या मुंबईची आहे. माईनमूळ नांवाची एक वनस्पति आहे; गुजराथी घरांत तिच्या मुळांचें लोणचें ‘गरमर’ म्हणून आवडीनें खातात. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रांतील मंडळींनीं १९७० नंतरच्या दशकांत या मुळांतून ‘फोर्स्कोलिन’ हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें १९८१ सालीं असें सिद्ध झालें कीं, तें पेशींतील सायक्लिक एएमपी झपाट्यानें वाढवितें. म्हणजे या रोगांत जें आधींच जास्त झालेलें असतें, तेंच! प्रयोगशाळेंत पुटी मुद्दाम फुगवावयाच्या असल्या म्हणजे हेंच द्रव्य वापरतात. आणि वजन उतरविण्याच्या गोळ्या म्हणून तें बाजारांत विकलेंही जातें. मूळ देशी, द्रव्य वनस्पतिज. पण या रोग्यास तें आगींत तेल ओतल्यासारखें होईल.

निरोगी मूत्रपिंडांचीही अशी हानि झालेली आहे. बेल्जममध्यें ब्रुसेल्स येथें वजन उतरविण्यासाठीं चिनी वनौषधींचीं चूर्णें घेतलेल्या स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें १९९३ सालीं उघडकीस आलें. एका मुळीच्या जागीं ॲरिस्टोलोकिया कुळांतील दुसरी मुळी गेली होती. आपल्याकडील ईश्वरी ही वेल याच कुळांतील आहे.

आज या रोगाची वाढ मंदावणारें म्हणून मान्यता पावलेलें औषध ‘टोल्व्हॅप्टन’ हें आहे. जपाननें २०१४ सालीं व अमेरिकेनें २०१८ सालीं तें मान्य केलें. तें सायक्लिक एएमपी कमी करतें, परंतु रोग समूळ काढीत नाहीं. तहान व लघवी फार वाढते, यकृताची तपासणी वरचेवर करावी लागते, आणि तें सर्वच रोग्यांस देत नाहींत. तें द्यावें कीं नाहीं, हें मूत्रपिंडाच्या तज्ज्ञानेंच ठरवावयाचें.

तेव्हां भगिनीस आमचें सांगणें असें : काढा देऊं नये. पुडा मात्र फेंकूं नये. तो तज्ज्ञ डॉक्टरांस दाखवावा, व घरांत चालूं असलेलीं भस्में, चूर्णें, गोळ्या त्यांच्यापासून लपवूं नयेत. रक्तदाब काबूंत ठेवणें हा या रोगांत मोठा उपचार आहे. पाणी किती प्यावें तें त्यांनाच विचारावें. अंगदुखीसाठीं आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक आपल्या मनानें घेऊं नये. मुलांची तपासणी घाईनें करूं नये. ती केव्हां करावी, याचा सल्ला घ्यावा. मात्र विवाह ठरवितांना हें दडवूं नये. दडविल्यानें रोग जात नाहीं, विश्वास जातो.

राहिल्या आत्याबाई. त्यांची माया खोटी नाहीं. तिला योग्य वाट द्यावी. या रोग्यास मीठ कमी हवें, आणि घरांतील लोणचीं-पापडांच्या बरण्या व डबे वडीलधाऱ्या स्त्रीच्याच हातीं असतात. “आत्याबाई, त्यांच्या ताटांतील मीठ तुम्हीच संभाळा,” असें त्यांस सांगावें. काढ्यानें साधलें नसतें तें या हातानें साधेल. आणखी एक : ज्या भावाचा या रोगानें अंत झाला, त्याची ही सख्खी बहीण. सर्वांना काढे देणाऱ्या या माउलीचा रक्तदाब आजवर कोणी मोजला आहे काय? पुढच्या खेपेस दवाखान्यांत जातांना त्यांनाही बरोबर न्यावें.