सातबारा म्हणजे सात डिसेंबर नव्हे!

एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करा आणि एंटर मारा. सेटिंगप्रमाणे ७ डिसेंबर होईल, नाहीतर १२ जुलै. गट नंबर ५/२ लिहिलात तर ५ फेब्रुवारी. आत तारखेचा आकडा साठवला जातो, तुम्ही काय लिहिलं होतं ते गेलंच. शास्त्रज्ञांनाही हाच ताप झाला. २०२० साली काही मानवी जनुकांची नावं बदलावी लागली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. आता आपण सातबाऱ्याचं बारसं नव्यानं करायचं का?

हे निदान दिसतं तरी. खरा घोळ क्षेत्रफळात आहे, आणि तो कुणाला दिसत नाही. आपल्याकडे २.२० एकर लिहिणारा माणूस २ एकर २० गुंठे सांगत असतो, म्हणजे अडीच एकर. अर्जातली एकुलती एक चौकट त्याचा दशांश अपूर्णांक करते. २.२० चं झालं २.२, म्हणजे २ एकर ८ गुंठे. १२ गुंठे हवेत! १३,०६८ चौरस फूट, तेही कुणी बांध न कोरता. हेक्टर-आरमध्ये शंभराचा हिशोब असल्यानं थोडं निभावतं, पण १ हेक्टर ५ आर कुणी १.५ लिहिलं की ४५ आर वाढले, म्हणजे एकराहून जास्त. मग नुकसानभरपाईच्या यादीत आणि उताऱ्यात मेळ बसत नाही, आणि खेटे कोण मारतो? शेतकरी. वर ऐकायला मिळतं, "डेटा एन्ट्रीची चूक आहे हो."

चूक एन्ट्रीची नाही, साच्याची आहे. ऑपरेटर पोरानं कागदावर होतं तेच टाकलं.

आणि उपाय काही रॉकेट सायन्स नाही. माहिती साठवायची एक्सएमएल नावाची पद्धत १९९८ पासून आहे, तिच्यात खुणांची नावंसुद्धा देवनागरीत देता येतात:

<क्षेत्र><एकर>2</एकर><गुंठे>20</गुंठे></क्षेत्र>

संपला विषय. एकराला वेगळी चौकट, गुंठ्याला वेगळी, आणि गुंठे ४० च्या पुढे गेले की तिथंच अडवा. गट नंबर हा आकडा नाही, ते नाव आहे. त्याची बेरीज कुणी करत नाही, तर तो मजकूर म्हणूनच ठेवा. जुन्या कागदांवर हिस्से आणे-पैत आहेत, १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा. ते तसेच उतरवा, टक्के शेजारी काढा. मूळ पुसून टक्के लिहायचा शहाणपणा कुणी सांगितलाय?

"लोकांनीच स्टँडर्ड पद्धत शिकावी" म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. अहो, एकराचे ४० गुंठे हे स्टँडर्डच आहे की! फॉर्म बनवणाऱ्याला ते माहीत नसेल तर त्यानं एकदा तलाठ्याशेजारी अर्धा दिवस बसावं.

पुढच्या अर्जात क्षेत्रासाठी एकच चौकट दिसली तर भरण्याआधी काउंटरवर विचारा, इथे गुंठे कुठे लिहायचे? उत्तर काय मिळालं ते खाली नक्की टाका.