घासलेला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं देव्हाऱ्यांतील उपकरणें बाहेर निघतात आणि त्यांच्यासंगें पूजेचा जुना रुपयाही निघतो. ताम्हनास चिंच, तशी रुपयासही चिंच. वर रांगोळीचा हात. घटकाभरांत रुपया असा लखलखतो कीं, घासणारीस कष्टांचें सार्थक झालेंसें वाटतें. आमच्या घरीं वर्षानुवर्षें हेंच चाललें होतें. त्यांत कांहीं वावगें आहे हें आमच्या ध्यानांत आलें तें मात्र सातपुड्यांत, मोलगीच्या बाजारांत.

मोलगी हें नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांतील गांव. तिकडील भगर आणि आमचूर प्रसिद्ध आहेत. त्याच मुलखांत काठी येथें फाल्गुनांत राजवाडी होळी होते. तिला डोंगरांतल्या स्त्रिया चांदी लेवून येतात, आणि त्या चांदींत कड्या डाकवून ओवलेल्या जुन्या रुपयांच्या माळाही असतात. ही माळ नुसता अलंकार नव्हे, ती त्या घरची पेढी आहे. दुखणें आलें, बियाणें घ्यावयाचें झालें, कीं तींतून एक-दोन रुपये उतरतात.

होळीपूर्वीं एके दिवशीं अशीच एक बाई माळ घेऊन एका दुकानीं बसली होती. दोन रुपये मोडावयाचे होते. चांगला भाव यावा म्हणून तिनें ते राख व वाळूनें घासून आणले होते. रुपये आरशासारखे झाले होते आणि आरशासारखेच कोरे! मुखवटा सपाट, साल नाहींसें. "साल दिसत नाहीं, बाई, अर्ध्या चांदीचाच धरीन," दुकानदार म्हणाला. कसोटीचा दगड त्याच्या हाताशींच होता, पण तो उचलण्याची त्यास गरज वाटली नाहीं. बाईजवळ उत्तर नव्हतें, आमच्याजवळही नव्हतें.

त्याचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें, हें घरीं आल्यावर कळलें. 1939 पर्यंतच्या सरकारी रुपयांत बारा भागांत अकरा भाग चांदी असे. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. उरलेलें तांबें, निकेल व जस्त. 1947 चा रुपया तर निव्वळ निकेलचा. परंतु वजन तेंच राहिलें, सुमारें 11.66 ग्रॅम, त्यामुळें तराजू कांहींच सांगत नाहीं. सांगतो तो रुपयावरील चेहरा. राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड किंवा पांचवा जॉर्ज असेल तर निःशंक असावें. सहावा जॉर्ज असेल तर सालच पाहावें लागतें.

चांदी काळी पडते ती मळानें नव्हे. हवेंतील गंधकाशीं तिचा संयोग होऊन वर थर बसतो. चिंच तांब्या-पितळेचा गंज उतरविते, पण ह्या थरापुढें तिचें फारसें चालत नाहीं. काम होतें तें रांगोळीनें, आणि रांगोळी थराबरोबर चांदीही खरवडून नेते.

ह्यापेक्षां ॲल्युमिनियमचें जुनें, स्वयंपाकास न लागणारें पातेलें घ्यावें. त्यांत रुपये तळास टेकतील असे ठेवावे; वर कढत पाणी, मोठा चमचाभर खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. थोड्या वेळांत काळिमा उतरूं लागते. सडक्या अंड्यासारखा किंचित् वास येतो. तो ज्यांस परिचयाचा नाहीं अशा भगिनींनीं दचकूं नये. गंधक चांदीस सोडून ॲल्युमिनियमला धरतें, चांदी जागच्या जागीं राहते. मग स्वच्छ पाण्यानें धुवून मऊ फडक्यानें टिपावें. लाख भरलेला वा खडे बसविलेला दागिना मात्र ह्यांत कदापि घालूं नये. आणि नाणें संग्रहाचें असेल तर त्यास हातच लावूं नये. जाणता ग्राहक उजळलेल्या नाण्यास कमी किंमत देतो. पणजीस मांडवींतील जुगाराच्या नौकांवर पैशाऐवजीं ज्या चकत्या चालतात, तशा जुन्या चकत्या जमविणारे हौशी लोकही जगांत आहेत. तेही कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांपुढें जावयास भितात, कारण वरचा आंकडा गेला कीं उरते ती नुसती चकती.

त्या बाईनें अखेर एकच रुपया मोडला, तोही दुकानदाराच्या भावानें. दुसरा दोऱ्यांत परत ओवला. घरीं येऊन आम्हीं आमचा पूजेचा रुपया उजेडांत धरला. राणीचा मुकुट कसाबसा दिसतो. नाक मात्र गेलें आहे.