माकडांच्या गावाला, घरमालकिणीला विचारून

मैत्रिणींनो, मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आपल्या ओळखीच्या किती तरी जणी हल्ली तिथून जहाजाच्या सहलीलाही जातात. माझी मावसबहीण यंदा गेली. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या चिमुकल्या देशात जहाज थांबले. बाकीची मंडळी समुद्रात डुंबायला गेली आणि ही निघाली माकडे बघायला! “इतक्या लांब जाऊन माकडंच बघितलीस होय गं?” असे मी म्हटलेसुद्धा. पण तिचे सगळे ऐकले आणि गप्प बसले.

बेलीझ सिटीपासून मोटारीने तासाभरावर बर्म्युडियन लँडिंग नावाचे खेडे आहे. तिथल्या अभयारण्याचे नाव ‘कम्युनिटी बबून सँक्च्युअरी’. बबून मात्र तिथे औषधालाही नाही! काळ्या हाऊलर माकडालाच तिकडे बबून म्हणतात. जंगलतोडीने ही जात धोक्यात आली आहे. नर ओरडला की मैलभर ऐकू जाते. बहिणीला वाटले, वाघच आला.

या अभयारण्याला कुंपण नाही. माकडे राहतात ती लोकांच्या मालकीच्या जमिनीवर. १९८५ साली रॉबर्ट हॉर्विच या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने डझनभर जमीनमालकांनी लेखी वचन दिले. नदीकाठची झाडे तोडायची नाहीत, माकडे ज्यांची पाने-फळे खातात ती झाडे राखायची, आणि शेतांच्या कडेने झाडांचा पट्टा सोडायचा, म्हणजे माकडांना जमिनीवर न उतरता पलीकडे जाता येते. पुढे सात गावे आणि दोनशेवर मालक यात आले.

पण वचनच ते, कायदा नव्हे. उद्या हात अडला आणि रान तोडून तिथे गुरे ठेवावीशी वाटली, तर अडवणार कोण? संसार चालवणाऱ्या बाईला झाडाचे कौतुक कितीही असले, तरी महिनाअखेर तिलाच गाठायची असते. १९९८ पासून हे अभयारण्य गावातल्या बायकांचा गटच सांभाळतो. म्हणून सहल ठरवताना एवढे जरूर विचारा: वाटाड्या गावातला आहे का? प्रवेशाचे पैसे गावाला मिळतात का? जेवण गावात की परत जहाजावर?

शक्य तितक्या सकाळी निघा. पानांवर जगणारा हा प्राणी दिवसाचा बराच वेळ नुसता पडून असतो. (आमच्याकडेही रविवारी असा एक असतो!) पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास फार. आणि पर्समधली केळी पर्समध्येच राहू द्या. आपल्याकडच्या घाटात गाडीतून चणे फेकायची सवय तिथे नको.

बहीण गावातच जेवली. तांबडा घेवडा आणि तांदूळ नारळाच्या दुधात एकत्र शिजवलेला भात होता. वाढणाऱ्या बाईंकडून कृती लिहून आणली आहे. एकदा करून बघते आणि पुढच्या अंकी देते.