गाव आपले, शरीर मात्र पाहुण्याचे

गणपतीला अजून दीड-दोन महिने आहेत. परंतु आमच्या पोलादपूर तालुक्यात त्याची चाहूल आषाढातच लागते. मुंबईचे चाकरमानी रजेची जुळवाजुळव करू लागतात, परदेशी असलेली मुले विमानाची तिकिटे काढतात आणि गावोगावच्या आया घरातली अंथरुणे पुरतील की नाही, याचा हिशेब मांडू लागतात. या वेळचा लेख त्या येणाऱ्यांसाठी आहे, तसाच त्यांची वाट पाहणाऱ्यांसाठीही.

एखादा गोरा पर्यटक भारतासारख्या उष्ण कटिबंधातील देशात यायला निघतो, तेव्हा महिना-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जातो, लशी टोचून घेतो, डास पळवणारे मलम घेतो आणि पाणी पिताना दहादा विचार करतो. आपली माणसे यांतले काहीच करीत नाहीत. कारण ती ‘परदेशी’ जात नसतात. घरी येत असतात. प्रवाशांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे सांगतात, की नातलगांना भेटायला मायदेशी जाणारा प्रवासी हा हौशी पर्यटकापेक्षा अधिक आजारी पडण्याचा संभव असतो. तो जास्त दिवस राहतो, घरच्यांसारखे खातो-पितो, आणि तयारी मात्र सर्वांत कमी करतो.

याचे एक उदाहरण मी विसरू शकत नाही. उमरठ हे नाव तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे वाचकांना ठाऊक असेलच. त्या गावचा एक मुलगा लंडनला स्थायिक झालेला. काही वर्षांपूर्वी तो बायको-मुलांसह गणपतीला आला. धाकट्याचा कान दुखू लागला, म्हणून सगळे माझ्या दवाखान्यात आले. मी कान तपासला, औषध दिले, चहा पाजला. मुलगा उत्साहाने सांगत होता, की बाबांनी आम्हाला रात्री बॅटरी घेऊन ओहोळात खेकडे पकडायला नेले, अनवाणी! आम्ही सारे हसलो. त्या वडिलांच्या पायाला दगड लागून झालेली जखम मला दिसत होती. तरीही मी त्याविषयी एक शब्द बोललो नाही.

तीन आठवड्यांनी त्याची आई मोबाइल हातात धरून दवाखान्यात आली. “डॉक्टर, जरा पोराशी बोला. हितनं गेल्यापासनं ताप उतरत नाय त्याचा.” मी बोललो. ताप, असह्य डोकेदुखी, पोटऱ्यांना हात लावू देत नाही इतके दुखणे, डोळे लाल, आणि आता लघवी कमी झालेली. तिकडे आधी तो साधा फ्लू समजला गेला होता. मी विचारले, “तू गावी येऊन गेलास, हे त्यांना सांगितलेस का?” तो म्हणाला, “त्यांनी विचारलं, परदेश प्रवास झालाय का? मी म्हटलं, नाही. फक्त घरी जाऊन आलो ना मी.”

निदान लेप्टोस्पायरोसिसचे निघाले. मूत्रपिंडे थकली होती, काही दिवस डायलिसिस करावे लागले. तो वाचला, आज ठणठणीत आहे. परंतु ‘फक्त घरी’ हे दोन शब्द मला तेव्हापासून सोडत नाहीत. त्याने ते भाबडेपणाने उच्चारले होते. मी तर जखम डोळ्यांनी पाहिली होती आणि गप्प बसलो होतो. म्हणून त्या वेळी जे सांगायला हवे होते, ते आज सांगतो.

शरीराला घराची ओळख राहत नाही

“आम्ही याच ओहोळाचे पाणी पिऊन वाढलो,” असे सगळे म्हणतात, आणि ते खरेही असते. परंतु हिवतापासारख्या रोगाविरुद्ध शरीराने वर्षानुवर्षे कमावलेली प्रतिकारशक्ती, गाव सुटल्यावर काही वर्षांत ओसरते. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ लहानपणी होऊन गेली असेल, तर ते संरक्षण सहसा आयुष्यभर टिकते. पण हे संरक्षण वडिलांना आहे, तिकडे जन्मलेल्या मुलांना नाही. आजोळी आलेले नातवंड आपले असले, तरी त्याचे शरीर पाहुण्याचेच आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मुलांनाही हे थोड्याफार फरकाने लागू पडते.

निघण्यापूर्वी

परदेशातून येणाऱ्यांनी चार ते सहा आठवडे आधी तेथील डॉक्टरांना भेटावे. केवळ ‘भारतात जातो’ असे सांगू नये. कोणत्या महिन्यात, खेड्यात की शहरात, किती दिवस, हे सांगावे. विषमज्वर आणि ‘अ’ प्रकारची कावीळ यांच्या लशी, धनुर्वाताची मात्रा आणि मुलांचे नेहमीचे लसीकरण पूर्ण आहे का, हे पाहून घ्यावे. हिवताप टाळण्याच्या गोळ्या सर्वांना लागतातच असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. मात्र त्या लिहून दिल्या असतील, तर परत गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण कराव्यात. घरी पोहोचलो म्हणून मध्येच सोडू नयेत.

केनिया, युगांडा, नायजेरिया अशा देशांत कामाला असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. तेथे पीतज्वर आहे, भारतात नाही. पण तो पसरवू शकणारा डास आपल्याकडे आहे. त्यामुळे त्या देशांतून येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरला जातो, तेव्हा तो पासपोर्टसोबतच जपून ठेवावा.

मधुमेह, रक्तदाब, दमा यांची औषधे पूर्ण मुक्कामाची आणि वर आठवडाभराची बरोबर घ्यावीत. औषधाच्या कंपनीचे नाव देशोदेशी बदलते, म्हणून चिठ्ठीवर मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच असावे. विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याची भीती असते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

गावात असताना

पहिले पाणी. विहिरीचे असो वा नळाचे, पावसाळ्यात खळखळून उकळलेलेच प्यावे. जुलाब झालेच, तर जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावी. पुडी नसेल, तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो.

दुसरे, खाचरे आणि ओहोळ. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात व पायाच्या बारीकशा चिरेतूनही शरीरात शिरतात. जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाड-पोलादपुरात लोक घरांतला गाळ उपसत होते, तेव्हा आम्हा डॉक्टरांना सर्वांत मोठी धास्ती याच रोगाची होती. मुलांना शेत जरूर दाखवावे, पण गमबूट घालून. पायाला जखम असेल, तर पाण्यात उतरूच नये. चिखलात काम करणे अटळ असेल, तर प्रतिबंधक गोळीविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. ती गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना चालत नाही, म्हणून शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नये.

तिसरे, रात्र. पाहुणे वाढले की ओटीवर, पडवीत अंथरुणे पडतात. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, दिसतही नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते, मग त्याच्या पापण्या मिटू लागतात. घरचे मात्र काल खाल्लेल्या मोदकांना दोष देत बसतात. शक्य तर मुलांना खाटेवर निजवावे. जमिनीवर निजणे भागच असेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. डास आणि साप, दोहोंना अडवणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. लाकूडफाट्यात बॅटरीशिवाय हात घालू नये.

सापाच्या दंशावर चिरा देऊ नये, घट्ट दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात वा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या गाडीने निघावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिसर्पविष एकच असते, म्हणून साप मारून आणण्याच्या खटपटीत पडू नये.

विंचवाच्या बाबतीत तर महाडचे नाव वैद्यकीय जगात गाजलेले आहे. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे जवळून पाहिली, त्यांच्या हृदयावर होणारा परिणाम नोंदवला आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी येथे उपयोगी पडते, हे दाखवून दिले. ज्या दंशाने पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरांत पंचवीस-तीस दगावत, त्यातील मृत्यू अगदी क्वचित घडू लागले. परंतु ती गोळी वेळेवर पोटात गेली पाहिजे. दंशानंतर दरदरून घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय दिसले, तर वेदना कमी आहे म्हणून थांबू नये. मूल असेल, तर अशा खुणांची वाटही न पाहता निघावे.

कुत्रा चावला किंवा त्याने नुसते ओरबाडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. परतीचा दिवस मध्ये आला, तर उरलेल्या मात्रा तिकडे पूर्ण कराव्यात. त्यासाठी पहिल्या मात्रेची नोंद असलेला कागद सोबत न्यावा.

परत गेल्यावर

बहुतेक लोक सारी काळजी येथे घेतात आणि तिकडे पोहोचल्यावर निर्धास्त होतात. लेप्टो साधारण पाच ते चौदा दिवसांनी डोके वर काढतो, क्वचित महिनाभरानेही. हिवताप काही आठवड्यांनी येतो, त्याचा एक प्रकार कित्येक महिन्यांनीही उलटतो. म्हणून परतल्यानंतर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर डॉक्टरांपुढे बसताच पहिले वाक्य हेच असावे: “मी भारतात, खेड्यात, अमुक तारखांना राहून आलो आहे.” पाण्यात उतरला असाल, जनावराने चावले असेल, तर तेही सांगावे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये. आणि ‘फक्त घरी गेलो होतो’ हे उत्तर कधीही देऊ नये.

गावी असलेल्या माझ्या वाचकांना एक विनंती. या रविवारी मुलाचा, लेकीचा फोन येईल, तेव्हा ‘कधी येताय?’ याबरोबरच ‘डॉक्टरांना भेटलात का?’ हेही विचारा. ती हसतील, “आई, आपल्याच घरी तर येतोय” म्हणतील. तरीही विचारा. आणि ती यायच्या आधी बाजारातून चार गमबूट, दोन मच्छरदाण्या आणि जलसंजीवनीच्या दहा पुड्या आणून ठेवा.

उमरठच्या त्या घरी दाराशी आता लहान-मोठ्या मापांच्या गमबुटांची रांग असते. गेल्या गणपतीला मी तेथे दर्शनाला गेलो, तेव्हा आजी नातवाच्या पायांतले बूट नीट बसले आहेत ना, ते वाकून पाहत होती. खेकडे पकडायला ते त्या रात्रीही गेले.